माणूस त्यांचा, नुकसान आपलं: बेळगाव सीमाभागातल्या उद्योजक-व्यापाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबागेतली फौंड्री, मच्छेतलं मशीन शॉप, शहापूर-वडगावचे माग, निपाणीची तंबाखूची वखार, मार्केट यार्डातली अडत. इथला धंदा लहान आहे आणि एकमेकांवर टेकून चालतो. त्यामुळे एका ठिकाणच्या माणसाची चूक दुसऱ्याच्या गल्ल्यावर पडते आणि त्यानंतर पहिलं वाक्य ऐकू येतं ते असं: "त्याला आम्ही कामावरून काढलंय, आता तुमचं तुम्ही बघा." हे वाक्य ऐकून बरेच जण गप्प बसतात. गप्प बसायचं कारण नाही, एवढं कळावं म्हणून ही प्रश्नोत्तरं.

दुसऱ्या कंपनीच्या कामगाराने आमचं नुकसान केलं. भरपाई कंपनीकडे मागता येते का?

येते, फक्त नुकसान त्याच्या नोकरीच्या कामाच्या ओघात झालेलं असलं पाहिजे. कंपनीची स्वतःची काही चूक होती हे दाखवावं लागत नाही. धंद्याचा नफा जो घेतो, त्याने त्या धंद्यातून उडणारी झळही सोसावी, असं यामागचं तत्त्व आहे. हे तत्त्व एखाद्या कायद्याच्या एकाच कलमात सापडणार नाही, ते न्यायालयांच्या निकालांतून घडत आलं आहे. एजंट किंवा मुखत्यारामार्फत झालेल्या व्यवहारांपुरतं मात्र ते भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये लिहिलेलं आहे.

कामगारही सुटत नाही. दावा दोघांवर एकत्र लावता येतो आणि बहुतेक वेळा तसाच लावावा. कामगाराकडून वसुली होण्याची शक्यता कमी असते, पण तो समोर असला की खरं काय घडलं ते बाहेर येतं.

"कामाच्या ओघात" म्हणजे नेमकं काय?

सगळा वाद याच एका मुद्द्यावर होतो. स्वतःला एकच प्रश्न विचारा: त्या क्षणी काम कोणाचं चाललं होतं? मालकाचं काम चुकीच्या पद्धतीने केलं, तर मालक जबाबदार. मालकाचं काम बाजूला ठेवून स्वतःचाच काही उद्योग केला, तर मालक जबाबदार नाही.

एक जुना खटला इथे फार बोलका आहे. १८६२ साली लंडनमध्ये घोड्यांच्या बस चालत आणि दोन कंपन्यांचे चालक प्रवासी पळवण्यासाठी एकमेकांना आडवे येत. एकाने मुद्दाम आडवी घातली आणि प्रतिस्पर्ध्याची बस उलटली. कंपनीने चालकांना लेखी ताकीद दिलेली होती की शर्यत लावायची नाही, दुसऱ्याच्या बसला अडवायचं नाही. तरी कंपनी हरली, कारण चालक तिच्यासाठीच प्रवासी गोळा करत होता. १९४२ च्या एका निकालात टँकरचा चालक पेट्रोल उतरवता उतरवता काडी ओढतो आणि स्फोट होतो. सिगारेट त्याची स्वतःची होती, पण पेट्रोल उतरवणं हे मालकाचं काम होतं आणि ते करताना निष्काळजीपणा झाला होता. मालक जबाबदार ठरला.

हे ब्रिटनमधले निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. पण तत्त्व तेच आहे आणि इथल्या युक्तिवादात ते वापरले जातात.

आता हेच आपल्याकडे लावून पाहा. वेल्डिंगला आलेल्या कंपनीच्या माणसाने आडोसा न लावता काम केलं, ठिणगी उडाली आणि शेजारच्या गाळ्यातला माल जळला, तर ते कामाच्या ओघात झालं. तोच माणूस सुटीच्या दिवशी मित्राच्या घराचं गेट जोडायला गेला आणि तिथे आग लागली, तर कंपनीचा संबंध येत नाही.

कंपनी म्हणते, "आम्ही त्याला तसं करायला कधीच सांगितलं नव्हतं, उलट मनाई केली होती."

मनाई केली एवढ्यानं सुटका होत नाही. वरचा बसचा खटला त्यासाठीच सांगितला. काय काम करायचं यावर मर्यादा घातली असेल, तर तिला वजन येतं. काम कसं करायचं एवढ्यापुरतीच ताकीद असेल, तर तिसऱ्या माणसाला तिच्याशी घेणंदेणं नाही.

सेल्समनने आमच्याकडून रोख घेतली, कंपनीत भरलीच नाही. आता कंपनी पुन्हा पैसे मागते. दोनदा द्यायचे का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. उत्तर तुमच्या कपाटात काय कागद आहेत यावर ठरतं.

करार कायद्याचं कलम २३८ सांगतं की एजंटाने मालकाच्या धंद्याच्या कामात केलेली फसवणूक मालकानेच केल्यासारखी धरली जाते. मात्र त्याच्या अधिकारात न येणाऱ्या बाबतीत केलेल्या लबाडीने मालक बांधला जात नाही. पैसे त्याने स्वतःच्या खिशात घातले म्हणून कंपनी मोकळी होते, हा समज चुकीचा आहे. १९१२ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने एका वकिली फर्मला तिच्या कारकुनाच्या लबाडीबद्दल जबाबदार धरलं. त्याने एका विधवेची मालमत्ता स्वतःच्या नावावर फिरवून घेतली होती आणि फर्मला त्यात एक पैसा मिळाला नव्हता. तरीही तिला भरपाई द्यावी लागली, कारण अशी कामं करायला फर्मनेच त्याला त्या खुर्चीत बसवलं होतं.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्या सर्वोच्च न्यायालयाची आहे. १९७८ च्या स्टेट बँक विरुद्ध श्यामादेवी या खटल्यात खातेदार बाईंनी ओळखीतल्या, शेजारच्या बँक कर्मचाऱ्याकडे पैसे भरायला दिले. पासबुकात नोंदी झाल्या, पण त्या खोट्या निघाल्या. न्यायालय म्हणालं, त्याने पैसे बँकेचा माणूस म्हणून घेतले नाहीत, बाईंच्या विश्वासातला माणूस म्हणून घेतले. बँक जबाबदार ठरली नाही.

आपल्याकडे व्यवहार ओळखीवर चालतात. "आपलाच पोरगा आहे, गावचाच आहे" म्हणून पावतीशिवाय रक्कम हातात ठेवली जाते. सेल्समन म्हणतो, "मामा, आत्ता माझ्या नंबरवर फोन-पे करा, संध्याकाळी कंपनीत भरतो." तेवढ्या एका वाक्याने तुमची बाजू कलम २३८ मधून निघून श्यामादेवींच्या रांगेत जाते. कंपनीची छापील पावती, तिचा शिक्का, कंपनीच्या खात्याचाच क्यूआर कोड आणि तो माणूस आधीपासून वसुली करत आला आहे हे दाखवणारा खातेउतारा असेल, तर पुन्हा एक रुपयाही देऊ नका. वकिलामार्फत तसं लेखी कळवा.

त्याने नोकरी सोडल्यावरही वसुली केली. मग?

कलम २०८ पाहा. एजंटाचा अधिकार संपला ही गोष्ट तिसऱ्या माणसाला कळेपर्यंत त्याच्यापुरती तो अधिकार चालूच राहतो. कंपनीने तुम्हाला फोन, पत्र, व्हॉट्सॲप काहीच केलं नसेल आणि नेहमीच्या पद्धतीने तुम्ही पैसे दिले असतील, तर तोटा कंपनीचा.

मॅनेजरने आम्हाला ऑर्डर दिली, माल तयार झाला, आता मालक म्हणतात त्याला अधिकारच नव्हता.

कलम २३७. मालकाच्या वागण्यावरून किंवा बोलण्यावरून तुमचा असा समज झाला असेल की हा माणूस ऑर्डर देऊ शकतो, तर ती ऑर्डर मालकावर बंधनकारक आहे. आधीच्या ऑर्डरी त्याच माणसाच्या सहीने आल्या आणि त्यांची बिलं भागवली गेली, यापेक्षा चांगला पुरावा नाही. पहिलीच ऑर्डर असेल आणि रक्कम मोठी असेल, तर कंपनीच्या ईमेलवरून खात्री मागून घ्या. यात संकोच कसला?

आमचे पॅटर्न (ओतकामाचा साचा पाडायचे नमुने) फौंड्रीत ठेवले होते. तिथल्या माणसाने ते दुसऱ्याला वापरायला दिले. फौंड्री म्हणते, कामगाराने चोरी केली, आम्ही काय करणार?

बेळगावच्या धंद्यात ही जखम खोल आहे. ओतकामाचा पॅटर्न म्हणजे गिऱ्हाइकाची वर्षांची मेहनत असते आणि तो कायम दुसऱ्याच्या शेडमध्ये पडून असतो.

पॅटर्न ताब्यात घेतला की कायद्याच्या भाषेत फौंड्री त्या वस्तूची राखणदार होते. कलम १५१ प्रमाणे, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी तिने घ्यायची असते. ती घेतली होती हे दाखवण्याचं ओझंही तिच्यावरच येतं. ज्या कामगाराच्या हवाली पॅटर्न केला त्यानेच तो लांबवला, तर मालकाची अडचण आणखी वाढते. १९६५ मध्ये लंडनच्या एका धुलाईवाल्याकडे दिलेला फरचा स्टोल (खांद्यावर घ्यायचं वस्त्र), तो साफ करायला ज्याच्या हातात दिला त्याच नोकराने पळवला आणि धुलाईवाला जबाबदार ठरला. रस्त्यावरच्या कुणीतरी आत घुसून नेला असता, तर चित्र वेगळं असतं.

फौंड्रीकडे पॅटर्न देताना चलन करा. त्यावर पॅटर्नचा क्रमांक, फोटो, "आमच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर द्यायचा नाही, नक्कल करायची नाही" एवढं लिहा आणि पोच घ्या. हे मी आग्रहाने सांगतो, कारण चलन नसेल तर पॅटर्न तुमचा होता इथपासून वाद सुरू होतो.

माणूस ठेकेदाराचा होता, कंपनीचा नव्हता.

स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीबद्दल काम देणारा सहसा जबाबदार नसतो. पण कागदावर ठेकेदार लिहिलं म्हणून तो ठेकेदार होत नाही. वेळ कोण ठरवतं, हत्यारं कोणाची, रोजचं काम कोण सांगतं, काढून कोण टाकू शकतं, हे पाहिलं जातं. शिवाय काम मुळातच धोक्याचं असेल, तर ते ठेक्यावर दिलं म्हणून हात झटकता येत नाहीत.

भाड्याच्या क्रेनचं उदाहरण घ्या. क्रेन आणि ऑपरेटर एकाचा, काम दुसऱ्याच्या शेडमध्ये आणि लोड तिसऱ्याच्या मशीनवर पडला. १९४६ च्या इंग्लंडमधल्या एका निकालात अगदी असाच गुंता होता. भाड्याच्या करारात लिहिलं होतं की ऑपरेटर भाडेकरूचा नोकर समजला जाईल. तरी जबाबदार ठरला क्रेनचा मालक, कारण क्रेन कशी चालवायची हे भाडेकरू ठरवत नव्हता, ऑपरेटर आपल्या कौशल्याने ठरवत होता.

ट्रक आमच्या दुकानात घुसला. चालक ट्रान्सपोर्टचा.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मालमत्तेच्या नुकसानीचाही अर्ज करता येतो. अपघात जिथे झाला तिथे, किंवा तुमचा धंदा जिथे आहे तिथे. गाडी कोल्हापूर किंवा गोवा पासिंगची असली तरी बेळगावात अर्ज चालतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १६६ अपघातापासून ६ महिन्यांची मुदत सांगतं, ती पाळा. विम्यात तिसऱ्याच्या मालमत्तेसाठी किती मर्यादा आहे ते पाहा, त्यावरची रक्कम गाडीच्या मालकाकडे मागायची.

हुंडेकऱ्याकडे दिलेला माल वाटेत गायब झाला, त्याच्याच माणसांनी विकला.

माल रस्त्याने वाहून नेण्याबाबतचा २००७ चा कायदा इथे लागतो. वाहतूकदाराच्या नोकराच्या किंवा एजंटाच्या गुन्ह्यामुळे माल गेला, तर वाहतूकदार जबाबदार असतो. मात्र दावा लावण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेली पाहिजे. "बघतो, शोधतोय, पुढच्या आठवड्यात सांगतो" यात हे दिवस निघून जातात. नोटीस आधी पाठवा, चर्चा नंतर करा.

प्रतिस्पर्ध्याचा माणूस बाजारात आमच्या मालाबद्दल खोटं पसरवतो, आमची गिऱ्हाइकं आणि कारागीर फोडतो.

गिऱ्हाईक चांगला भाव देऊन नेलं, तर ती स्पर्धा आहे. कारागीर जास्त पगारावर गेला, तर तीही स्पर्धाच. नोकरी सोडल्यानंतर त्याच धंद्यात काम करायचं नाही, अशी अट करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. नोकरी चालू असतानाची तशी अट मात्र टिकते, सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच ते मान्य केलं आहे.

खोटं बोलणं आणि चालू करार मोडायला लावणं ही वेगळी गोष्ट. कंपनीचा विक्रेता कंपनीचाच माल खपवण्यासाठी "त्यांच्या कास्टिंगला भेगा पडतात" असं खोटं सांगत फिरतो, तेव्हा काम कंपनीचंच चाललेलं असतं आणि जबाबदारीही तिची येते. तुम्हाला प्रत्यक्ष तोटा दाखवावा लागेल, म्हणजे रद्द झालेली ऑर्डर किंवा गिऱ्हाइकाचा मेसेज. यात मुदत फक्त १ वर्ष आहे.

दुसऱ्या कंपनीच्या नोकराने रागापोटी आमची माहिती फोडली. तिथेही कंपनी जबाबदार?

इथे कंपनी सुटू शकते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, कंपनीवरच खुन्नस काढण्यासाठी हजारो सहकाऱ्यांची पगाराची माहिती इंटरनेटवर टाकणाऱ्या कर्मचाऱ्याबद्दल कंपनीला जबाबदार धरलं नाही. तो मालकाचं काम करत नव्हता, सूड घेत होता. पण कंपनीने माहिती सांभाळण्यात स्वतः ढिलाई केली असेल, तर तो तिचा स्वतःचा दोष. त्यावर वेगळा दावा होतो.

आम्ही बेळगावात, कंपनी शिनोळीत किंवा कोल्हापुरात. दावा कुठे लावायचा?

सीमेचा खरा त्रास इथे सुरू होतो. उद्यमबागेतून शिनोळीची वसाहत अगदी जवळ आहे, पण ती चंदगड तालुक्यात, म्हणजे राज्य बदललं, न्यायालयं बदलली, पोलीस ठाणं बदललं.

वस्तूंच्या नुकसानीचा दावा, नुकसान जिथे झालं तिथे किंवा प्रतिवादी जिथे धंदा करतो तिथे, यांपैकी तुम्ही निवडाल त्या ठिकाणी लावता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १९ तसं सांगतं. कराराच्या वादात कलम २० प्रमाणे दाव्याचं कारण पूर्ण किंवा थोडं जरी जिथे घडलं, तिथे दावा चालतो. माल बेळगावात पोचवायचा होता किंवा पैसे बेळगावात मिळायचे होते, तर बेळगाव.

पण ऑर्डरवरची बारीक अक्षरं वाचा. "पुणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात" असं दोघांनी मान्य केलेलं असेल आणि पुण्याच्या न्यायालयाला मुळात अधिकार असेल, तर तुम्हाला पुण्यालाच जावं लागेल. "फक्त" हा शब्द नसला तरी अट लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं. ज्या न्यायालयाचा काहीच संबंध नाही, त्याला मात्र पक्षकार आपसात ठरवून अधिकार देऊ शकत नाहीत. मोठ्या कंपनीच्या छापील ऑर्डरवर सही करण्याआधी ही ओळ खोडायला सांगा. दहातल्या नऊ जणांना सांगायचं सुचत नाही.

बेळगावात हुकूमनामा मिळाला आणि कंपनीची मालमत्ता कोल्हापूर जिल्ह्यात असेल, तर नवा दावा लागत नाही. हुकूमनामा तिकडच्या न्यायालयाकडे वर्ग करून तिथे वसुलीची दरखास्त दाखल होते. वर जायची वेळ आली, तर इकडून कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. तिकडच्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं.

व्यापारी स्वरूपाचा वाद आणि रक्कम ३ लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर तो व्यावसायिक न्यायालयात जातो. तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो.

कागद मराठीत आहेत. चालतील का?

पुरावा म्हणून चालतात. मराठी पावती मराठी आहे म्हणून खोटी ठरत नाही. इथल्या न्यायालयांचं कामकाज कन्नड आणि इंग्रजीत असल्यामुळे सोबत भाषांतर जोडावं लागतं. वहीतल्या मोडक्यातोडक्या नोंदी, तारखा, वजनाची संक्षिप्त रूपं भाषांतरात चुकतात, म्हणून वकिलाशेजारी बसून एकेक ओळ स्वतः तपासा. कन्नड जबाबावर सही करण्याआधी तो मराठीत वाचून घ्या. न समजलेल्या जबाबावर सही करू नका, समोर कोणीही बसलेलं असो.

पोलिसांत जावं की दिवाणी दावा करावा?

फसवणूक, अपहार, खोटी कागदपत्रं असतील तर दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. नोकराने केलेल्या विश्वासघाताला कलम ३१६ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हद्दीचं कारण सांगून परत पाठवू लागले, तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. सीमाभागासाठी ही मोठीच सोय आहे.

कंपनीवरही फौजदारी खटला चालतो, हे २००५ च्या घटनापीठाच्या निकालापासून पक्कं आहे. कंपनीला तुरुंगात टाकता येत नाही, दंड करता येतो. पण केवळ संचालक आहे म्हणून प्रत्येकाचं नाव फिर्यादीत घालू नका. त्याने काय केलं हे सांगता आलं नाही, तर तक्रारच कमकुवत होते.

मुदत किती?

करार मोडल्याबद्दल आणि वस्तूंच्या नुकसानीबद्दल ३ वर्षं. बदनामी आणि करार मोडायला लावणं, १ वर्ष. फसवणूक लपवली गेली असेल, तर ती कळल्यापासून किंवा थोडी काळजी घेतली असती तर कळली असती तेव्हापासून.

व्हॉट्सॲप मेसेज आणि सीसीटीव्ही पुरावा होतो का?

होतो, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी कॉपी काढा आणि शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यासाठी त्याला लेखी विनंती करा.

चूक आमच्याच कामगाराची असेल आणि भरपाई आम्हाला द्यावी लागली, तर त्याच्या पगारातून कापता येते का?

सरसकट नाही. त्याच्या हवाली केलेली वस्तू किंवा रक्कम त्याच्याच निष्काळजीपणामुळे गेली असेल तर कपात होऊ शकते, पण आधी त्याला कारण दाखवायची संधी द्यावी लागते. एका महिन्यात एकूण कपात किती करायची यालाही कायद्याने मर्यादा आहे. माझं मत विचाराल तर, जाणूनबुजून केलेली लबाडी सोडून पगाराला हात लावू नये. ज्याला आपण आडोसा दिला नाही, दिवसभरात दोन पाळ्या करून घेतल्या, त्याच्या हातून ठिणगी उडाली तर तो खर्च धंद्याचा आहे. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा मिळतो, आणि हाताळणी रोखीची असेल तर कर्मचाऱ्यांच्या अपहारासाठीही वेगळा विमा मिळतो. घेताना एजंटाला विचारा की ठेकेदाराची माणसं आणि राज्याबाहेरची साइट त्यात धरली आहे का, आणि उत्तर पॉलिसीवर लिहून घ्या.